आईचे डागाळलेले दात आणि लेकीचे फ्लोराइडचे थेंब

पळसफूल | ११ जुलै २०२५, रात्री १०:१२

धागा लांबणार आहे, आधीच सांगते.

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यात, केळापूर तालुक्यातलं एक खेडं. सध्या मुक्काम पोर्टलंड, ओरेगॉन. आई दोन महिन्यांसाठी आली आहे. लेक पावणेदोन वर्षांची. मागच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बाळ नळाचंच पाणी पितं ना? मग फ्लोराइडचे थेंब लिहून देते, रोज पाव मिलिग्रॅम. दात किडू नयेत म्हणून अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी पाण्यात फ्लोराइड घालतात, इथे घालत नाहीत. बुल रनच्या जंगलातून पाणी येतं आणि त्यात ते मुळातच नसल्यात जमा. लोकांनी २०१३ साली मतदान करून घालायला नकार दिला. त्याआधीही दिला होता.

बाटली आणून फ्रीजवर ठेवली. दुसऱ्या दिवशी गायब. सगळं घर शोधलं. शेवटी आईला विचारलं तर भाजी निवडत, मान वर न करता म्हणाली, "फेकली. ज्यानं माहे दात खाल्ले ते पोरीले पाजतं काय तू?"

आईचे पुढचे दात तपकिरी आहेत. पान-तंबाखूचे डाग नव्हेत. आडवे पट्टे आहेत, कडेला टवके उडालेले. लग्नाच्या एकाही फोटोत तिचे ओठ उघडे नाहीत. आजही हसू आलं की पदर आधी तोंडावर जातो, हसू मागून येतं. माझ्या दातांवर पांढरे-पिवळट ठिपके होते. नोकरी लागल्यावर पुण्यात पुढच्या चार दातांना व्हिनियर बसवून घेतले. स्थळं बघायच्या आधी, हेही लिहूनच टाकते.

गावात सगळे म्हणायचे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे. इथे म्हणतात पाण्यात फ्लोराइड नाही, अरेरे. एकाच गोष्टीची एकीकडे भीती आणि दुसरीकडे डॉक्टरची चिठ्ठी. आईला काय सांगू? आणि थेंब परत आणू की नको?

बर्फातली_भाकरी | ११ जुलै, रात्री ११:०५

अगदी वेळेवर धागा काढलात. आमच्या कॅल्गरीत २०११ ला पाण्यात फ्लोराइड घालणं बंद केलं, २०२१ ला पुन्हा मतदान झालं, सुमारे ६२ टक्के लोक "घाला" म्हणाले, आणि यंत्रणा नव्याने बसवून गेल्या ३० जूनपासून पुन्हा सुरू. म्हणजे अकरा दिवस झाले. मला पाण्याच्या चवीत काही कळलं नाही. सासूबाईंना कळलं. (त्यांना सगळंच कळतं.)

आईंनी बाटली फेकली हे वाचून हसले आणि मग पदराच्या वाक्याशी थांबले.

ढेपाळलेला_डेंटिस्ट | १२ जुलै, सकाळी ८:३०

पुण्यात दवाखाना आहे, दात बघून पोट भरतो, म्हणून चार शब्द.

आईंचं आणि डॉक्टरीणबाईंचं, दोघींचं बरोबर आहे. फरक मात्रेचा आणि वयाचा.

दाताचं वरचं कवच, इनॅमल, हिरडीच्या आत तयार होतं. कायमच्या दातांचं हे काम जन्मानंतर सुरू होऊन साधारण आठव्या वर्षापर्यंत चालतं (अक्कलदाढ सोडा). या काळात पोटात रोज जास्त फ्लोराइड गेलं तर कवच नीट घट्ट होत नाही, सच्छिद्र राहतं. दात उगवतो तेव्हा खडूसारखा पांढरा दिसतो आणि मग त्या छिद्रांत वर्षानुवर्षं रंग मुरतो. पिवळा, मग तपकिरी. पट्टे आडवे असतात कारण कवच थराथराने बनतं. बिघाड बनावटीतच असल्याने घासून जात नाही. माझ्याकडे मराठवाड्यातून शिकायला आलेली पोरं येतात, आधी कोळशाने, मग मिठाने, मग कुठल्यातरी व्हाइटनिंग पावडरीने घासून घासून हिरड्या सोललेल्या असतात. आठ वर्षांनंतर मात्र कितीही फ्लोराइड प्यालात तरी दातावर नवा डाग पडत नाही. हाडांचं गणित वेगळं.

दुसरी बाजू. आपण खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल करतात. साध्या इनॅमलमधली खनिजं ५.५ पीएचच्या खाली (आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) विरघळू लागतात. लाळेत थोडं फ्लोराइड असेल तर झिजलेल्या जागी जे नवं खनिज बसतं ते जास्त चिवट असतं, ४.५ च्या आसपासपर्यंत तग धरतं. पूर्वी समजायचे की फ्लोराइड पोटात गेल्यामुळे दात पक्के होतात. आता मत असं की बहुतेक काम दाताच्या पृष्ठभागावरच होतं. म्हणून तर टूथपेस्ट.

आता हिशेब. बोअरच्या पाण्यात लिटरला ३ मिलिग्रॅम धरा. उन्हाळ्यात शेतावर माणूस ४ लिटर सहज पितो. झाले दिवसाला १२. लेकीचे थेंब पाव मिलिग्रॅम. पन्नास पटींच्या आसपास फरक. आईंना असं सांगा: तिखट भाजीत असतं तेही तिखट, आणि डोळ्यात गेलं तेही तिखट.

पळसफूल | १२ जुलै, सकाळी ९:१५

धन्यवाद डॉक्टर. तिखटाचं उदाहरण सांगितलं. आई म्हणाली, "मंग भाजीतच घाल म्हणा, पोरीच्या बाटलीत काहून?" हरले.

नैसर्गिक_जीवन | १२ जुलै, दुपारी १:४०

आई अडाणी असली तरी शहाणी आहे. फ्लोराइड हे उंदराचं विष. हिटलरच्या छावण्यांत कैद्यांना गप्प ठेवायला पाण्यात घालत. खताच्या कारखान्यातला कचरा अमेरिका स्वतःच्या लोकांना पाजते. आता कोर्टानेही मान्य केलं की बुद्ध्यांक कमी होतो. टूथपेस्ट फेका, कडुलिंब वापरा.

काका_मिशिगनवाले | १२ जुलै, दुपारी ४:२०

नैसर्गिक_जीवन, एका दमात चार गोष्टी टाकल्यात. वेगळ्या करू. निवृत्त माणूस आहे, वेळ भरपूर.

उंदराचं विष: सोडियम फ्लोराइड मोठ्या मात्रेत खरंच विष आहे आणि कीटकनाशक म्हणून वापरलंही गेलं. हिटलरच्या छावण्या: याला कागदाचा एक पुरावा आजवर कोणी दाखवलेला नाही, निव्वळ फॉरवर्ड. खताचा कारखाना: हे खरं आहे. फॉस्फेट खत बनवताना निघणारं फ्लुओसिलिसिक आम्ल शुद्धतेचे निकष लावून इथे बऱ्याच नगरपालिका वापरतात. कचऱ्यातून निघालं म्हणून वाईट म्हणाल तर मळीपासून काय काय बनतं ते आपल्या साखर कारखान्यांना विचारा.

कोर्टाचं शेवटी घेतो. आधी जरा इतिहास, कारण त्याचा शेवटचा भाग मी राहतो तिथून दीड तासावर, ग्रँड रॅपिड्सला घडलाय. १९०१ साली फ्रेडरिक मॅके नावाचा तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्जला आला तर गावातल्या मुलांचे दात तपकिरी. थेट पळसफूल यांच्या आईंसारखे. लोक म्हणत डुकराचं मांस जास्त खाल्ल्याने होतं, दुधाने होतं. मॅके त्याच्या मागे तीस वर्षं लागला. त्याच्या ध्यानात आलं की हे दात दिसायला वाईट पण किडत कमी आहेत. कारण सापडलं १९३१ ला, तेही ॲल्युमिनियम कंपनीच्या रसायनतज्ज्ञाला, चर्चिल त्याचं नाव. आर्कान्सातल्या बॉक्साइट नावाच्या गावात कंपनीच्या वस्तीतल्या पोरांचे दात असेच झाले होते. आपल्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांवर आळ येतो म्हणून कंपनीने पाणी तपासलं आणि त्यात फ्लोराइड निघालं. मग सरकारी डॉक्टर ट्रेंडली डीन गावोगाव दात आणि पाणी मोजत फिरला आणि म्हणाला, लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास असेल तर कीड कमी आणि डागही फारसे नाहीत. २५ जानेवारी १९४५ ला ग्रँड रॅपिड्सच्या पाण्यात जगात पहिल्यांदा मुद्दाम फ्लोराइड घातलं. शेजारचं मस्कीगन गाव तुलनेला कोरडं ठेवायचं ठरलं होतं, पण निकाल बघून त्यांनाच धीर निघेना, १९५१ ला त्यांनीही घातलं. ग्रँड रॅपिड्समध्ये त्यानंतर जन्मलेल्या मुलांत कीड ६० टक्क्यांहून जास्त घटली.

म्हणजे ही सगळी कल्पना जन्मली तीच डागाळलेल्या दातांतून. आईंना हे सांगून बघा.

ढेपाळलेला_डेंटिस्ट | १२ जुलै, संध्या. ६:०२

काकांना अनुमोदन, फक्त एक पुरवणी. ते ६० टक्के फ्लोराइडच्या टूथपेस्टी येण्याच्या आधीचे. कॉक्रेनने (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पडताळणारी संस्था) गेल्या ऑक्टोबरात पुन्हा आढावा घेतला, तर टूथपेस्टच्या जमान्यातल्या अभ्यासांत फायदा फार आखडलेला दिसतो. मुलामागे सरासरी पाव दात किडायचा वाचतो, एवढंच. बाझेल शहराने २००३ ला पाण्यातून घालणं थांबवलं, स्वित्झर्लंड मिठातून देतं. म्हणजे पाणी हा एकच रस्ता नाही.

बर्फातली_भाकरी | १२ जुलै, रात्री ८:४७

पण डॉक्टर, पाव दात सरासरी. ज्यांच्या घरी दोन वेळा ब्रश होतो त्यांचा शून्य आणि ज्यांच्या घरी होत नाही त्यांचे दोन. कॅल्गरीत बंद केल्यावर सात-आठ वर्षांनी दुसरीतली मुलं तपासली तर सुमारे ६५ टक्के मुलांचे दात किडलेले. एडमंटनमध्ये फ्लोराइड चालू होतं, तिथे ५५. मी शाळेत मदतनीस म्हणून जाते. भूल देऊन सहा-सहा दात काढलेली पोरं बघितली आहेत. त्यांच्या आया दोन-दोन नोकऱ्या करतात, त्यांना टूथपेस्टचं प्रवचन कोण देणार? नळ काही प्रवचन देत नाही.

खडककोरी | १३ जुलै, सकाळी ७:१०

मी भूजलवाला. अमेरिका-कॅनडा बाजूला ठेवून पळसफूल यांना एक विचारतो: आईपेक्षा मोठं भावंड कोणी आहे का? असेल तर त्यांचे दात कसे आहेत? आणि गावात हातपंप कधी आला, आईला आठवतंय?

पळसफूल | १३ जुलै, सकाळी १०:३३

खडककोरी, तुम्ही ज्योतिषी आहात काय? आईला विचारलं. तिचं माहेरही त्याच तालुक्यातलं. मोठे मामा १९६० चे. त्यांचे दात पांढरेशुभ्र, आजही हरभरे फोडतात. आई १९७१ ची, तिचे तपकिरी. धाकटी मावशी ७५ ची, तिचे तर आईहून वाईट. हातपंप दुष्काळानंतर आला, आई तेव्हा दोन-अडीच वर्षांची असेल असं आजी सांगायची. त्याआधी सगळे नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी प्यायचे. आई म्हणते पंप आला तेव्हा नारळ फोडला होता.

खडककोरी | १३ जुलै, दुपारी १२:२५

ज्योतिष नाही, हे आमचं नेहमीचं गणित. विहीर आणि बोअर यांत पाणी एकच असतं असं लोकांना वाटतं. नसतं. विहिरीत वरचं, गेल्या दोन-चार पावसाळ्यांचं पाणी. दोनशे फुटांखालचं पाणी खडकाच्या फटींत वर्षानुवर्षं मुरत पडलेलं असतं आणि त्या खडकात फ्लोराइडची खनिजं असली तर ती त्यात उतरतात. त्यातही पाणी सोड्याच्या गुणाचं आणि कॅल्शियम कमी असलेलं असेल तर फ्लोराइड भराभर विरघळतं. असं पाणी चवीला गोडसर, डाळ शिजवायला छान. म्हणून लोक ते आवडीने पितात. जड, खारट पाण्याला नाव ठेवतात आणि खरं दुखणं या मऊ पाण्यात असतं.

आपल्या राज्यात बहुतेक भाग काळ्या बेसाल्टचा, तिथे हा त्रास कमी. पण पूर्व विदर्भात आणि नांदेडच्या किनवटकडच्या पट्ट्यात बेसाल्ट पातळ होतो किंवा संपतो आणि खाली जुने खडक लागतात. चंद्रपूर, यवतमाळचा पूर्व भाग, नांदेड ही नावं आमच्या फ्लोराइडच्या यादीत कायमची. पांढरकवडा भागातल्या खोल बोअरांत लिटरला १० मिलिग्रॅमच्या पुढचे आकडेही नोंदले गेले आहेत. भारतीय मानक म्हणतं १, दुसरा स्रोतच नसेल तर फार तर १.५.

आणि तो नारळ. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या, कॉलरा-पटकीची भीती होती, सरकारने आणि युनिसेफने रिग आणून खडक फोडून गावोगाव पंप बसवले. चांगल्याच हेतूने. ओतीव लोखंडाचे पंप सारखे मोडायचे म्हणून जालन्याच्या मिशनऱ्यांनी आणि मग सोलापुरात मजबूत पंप बनवला गेला, त्यावरूनच पुढे इंडिया मार्क टू. जगभर गेलेला पंप हा असा मराठवाडा-सोलापूरचा. त्याने जुलाबाने मरणारी किती पोरं वाचवली याला गणती नाही. पण तेव्हा पाणी जंतूंसाठी बघायचे. खडकातून काय येतंय ते कोण बघणार?

सुमन_नांदेडकर | १३ जुलै, दुपारी ३:५०

मी सहसा लिहीत नाही, वाचते. किनवट तालुक्यात नऊ वर्षं शिक्षिका होते. वर्गात पोरं "हसा" म्हटलं की तोंड मिटून हसायची. पण दातांवरच थांबत नाही हो. तिथे पन्नाशीच्या बाया पाहिल्या ज्यांना मान वळवता येत नाही, मागून हाक मारली की अख्खं अंग वळवून बघतात. खाली बसून भाकरी करता येत नाही. दवाखान्यात वात म्हणून गोळ्या देत राहतात. दात लपवता येतात, पाठ कशी लपवणार?

काका_मिशिगनवाले | १३ जुलै, संध्या. ५:१५

सुमनताई, हे लिहिलंत ते बरं केलंत. भारतात हा आजार पहिल्यांदा १९३७ ला नेल्लोर जिल्ह्यातून कागदावर आला तो हाडांचाच. पुढे १९४० ला सी. जी. पंडित आणि सहकाऱ्यांनी मद्रास इलाख्यातल्या गावांवर शोधनिबंध लिहिला. हेच पंडित नंतर आयसीएमआरचे पहिले संचालक. म्हणजे पंप बसवायच्या तीस वर्षं आधी माहिती होती. फायलीत.

टीसीएल_पावडर | १३ जुलै, रात्री ९:३०

नमस्कार मंडळी. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीत जलसुरक्षक आहो. नाव पाहून हसू नका, माझं कामच ते, जंतू मारायला टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकणे. गाव सांगत नाही, उद्या सचिव वाचेल.

आमच्याकडे पाणी तपासाचं किट आहे. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, गुलाबी रंग येतो. फ्लोराइड जितकं जास्त तितका तो पिवळ्याकडे जातो. आमच्या शाळेजवळच्या पंपाचं पाणी टाकलं की लिंबाच्या सरबतावानी दिसते. पंचायतीला पावसाळ्याआधी-नंतर लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळते. आम्हाले हिरवं! कारण ते टाकीची साफसफाई, गळती, टीसीएल यावर असते. हिरवं कार्ड ऑफिसात टांगलं आहे आणि त्याच्या खाली बसलेला शिपाई, त्याचे दात पिवळे.

आता उपाय. सारेच विचारतात म्हणून लिहितो.

उकळून फ्लोराइड जात नाही जी. पाणी आटते, ते तिथंच राहते, उलट वाढते. कापडाने गाळून जात नाही. टीसीएलने नाही, तुरटी नुसती फिरवून नाही.

नागपूरच्या नीरीवाल्यांची (पर्यावरण संशोधन संस्था) एक पद्धत आहे, नाव नलगोंडा. बादलीत हिशेबाने तुरटी, तिच्या वीसाव्या भागाइतका चुना, थोडं ब्लीचिंग. दहा मिनिटं हळू ढवळायचं, तासभर निवू द्यायचं, तळापासून जरा वर बसवलेल्या तोटीतून पाणी घ्यायचं. आमच्याकडे २०० बादल्या वाटल्या होत्या. मी स्वतः घरोघरी शिकवलं. सहा महिन्यांनी पाहिलं तर बादल्यांत गहू, एका घरी कोंबडी अंड्यावर बसलेली. बायांचं बरोबर आहे. सकाळी चारला उठून मजुरीवर जाणारी बाई तासभर पाणी निवायची वाट पाहीन काय? तुरटी जास्त झाली तर चव कडू, ॲल्युमिनियम पाण्यात राहते, कमी झाली तर उपयोग नाही. अन् किती टाकायची ते पाण्याच्या क्षारावर, म्हणजे पंप बदलला की हिशेब बदलला.

मग आरओ बसवला. पाच रुपयांत २० लिटर. दोन वर्षं चांगला चालला. मेंब्रेन गेली, ठेकेदाराचा करार संपलेला, आता त्याले कुलूप. खरा उपाय एकच, नदीचं पाणी नळाने आणणे. जलजीवनमधून पाइप आला. पाणी आठवड्यातून तीनदा येते. बाकी चार दिवस काय? तोच पंप.

खडककोरी | १३ जुलै, रात्री १०:०८

टीसीएल भाऊ, या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. कोंबडीसाठी वेगळे गुण.

ढेपाळलेला_डेंटिस्ट | १३ जुलै, रात्री १०:४०

+१. पूरक: आहाराने थोडा हात मिळतो. कॅल्शियम आतड्यातच फ्लोराइडला धरून ठेवतं, म्हणून दूध-ताक, नाचणी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मुलांना रोज १० ग्रॅम चिंच देऊन बघितलं होतं, २००२ चा अभ्यास, लघवीवाटे फ्लोराइड जास्त बाहेर पडलं. आमटीत चिंच घालणाऱ्यांनी लगेच हुरळू नये, ३ मिलिग्रॅमच्या पाण्याला चिंच पुरी पडत नाही. आणि चहा, विशेषतः उकळ-उकळ उकळलेला कोरा चहा, स्वतःच फ्लोराइडचा साठा. त्या झाडाला ते जमिनीतून ओढायची खोडच आहे.

नैसर्गिक_जीवन | १४ जुलै, सकाळी ९:००

बुद्ध्यांकाचं काय झालं? सगळे सोयीस्कर विसरले.

काका_मिशिगनवाले | १४ जुलै, सकाळी ९:५५

विसरलो नाही, झोपलो होतो. रास्त प्रश्न आहे आणि तो थट्टेवारी न्यायचा नाही. ऑगस्ट २०२४ ला इथल्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाचा अहवाल आला. लिटरला १.५ मिलिग्रॅमहून जास्त असेल तर मुलांच्या बुद्ध्यांकात घट दिसते, असं ते मध्यम खात्रीने म्हणतात. अमेरिकेत घालतात ते ०.७, त्याबद्दल पुरेशी माहिती नाही असंही म्हणतात. सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी पर्यावरण खात्याला सांगितलं की धोका दुर्लक्षण्याजोगा नाही, काहीतरी पाऊल उचला. यंदा युटा आणि फ्लोरिडाने पाण्यातून घालणं बंद केलं. मे महिन्यात एफडीए, म्हणजे इथलं औषध नियंत्रण खातं, म्हणालं की लहान मुलांचे ते थेंब आणि गोळ्याही बाजारातून काढण्याचा विचार आहे. पळसफूल, तुमच्या बाटलीवर आईबरोबर सरकारचीही नजर आहे!

हे ०.७ कुठून आलं तेही गमतीचं. १९५७ ला गॅलगन आणि व्हर्मिलियन यांनी मोजलं की गरम हवेत मुलं पाणी जास्त पितात, म्हणून थंड भागात १.२ आणि गरम भागात ०.७ असा पट्टा ठरला. २०१५ ला सगळीकडे ०.७ केलं, एसीमुळे आता सगळे सारखंच पितात म्हणून. टूथपेस्टमधूनही मिळतं हे दुसरं कारण.

खडककोरी | १४ जुलै, सकाळी ११:२०

काका, तुमच्या शेवटच्या परिच्छेदाने मला डिवचलं. गरम हवा! मिशिगनसाठी १ ठीक आणि तापलेल्या ॲरिझोनासाठी ०.७. मग मे महिन्यात ४५ च्या वर तापणाऱ्या चंद्रपूरला, जिथे बाई दिवसभर तेंदूपत्ता तोडते, तिथे १.५ "चालेल" कसं?

आणि अजून एक. ते बुद्ध्यांकाचे अभ्यास झाले कुठे, बघा. बरेचसे चीनमधले, काही भारत, इराण, मेक्सिकोतले. म्हणजे सुमनताईंच्या किनवटसारख्या गावांतले. तिथल्या पोरांचे आकडे अमेरिकेच्या कोर्टात गेले, त्यावर वकील भांडले, राज्यांनी कायदे केले. ०.७ घालावं की शून्य, यावर मतदान. चांगलंच आहे, लोकशाही आहे. पण ज्या गावांतून आकडे आले तिथे ३ आणि ५ आहे आणि मतदान कसलं, पंपावर साधी पाटीही नाही. आमच्याच खात्यातला माणूस आहे मी, हे लिहिताना बरं वाटत नाही.

सुमन_नांदेडकर | १४ जुलै, दुपारी २:१५

पाटी होती एकदा. "पिण्यास अयोग्य". पोरांनी तिचा स्टंप केला.

बर्फातली_भाकरी | १४ जुलै, दुपारी ४:०३

सुमनताई 😐

मूळ प्रश्न राहतोय. थेंब द्यायचे की नाही?

ढेपाळलेला_डेंटिस्ट | १४ जुलै, संध्या. ७:२२

इथून बघून औषध सांगणार नाही, पण माझी नात असती तर? थेंबांच्या फंदात पडलो नसतो. दोन वेळा ब्रश, तिसऱ्या वर्षापर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, नंतर वाटाण्याएवढी, थुंकायला शिकवणं, रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही. ही शेवटची सवय सर्वात घातकी. डॉक्टरीणबाईंना सांगा की घरात असं-असं आहे, थेंबांऐवजी दातांना वरून फ्लोराइडचं व्हार्निश लावून घेतलं तर चालेल का. पोटात जवळजवळ जात नाही, दाताला मिळतं. आईंचा मुद्दाही राहतो: भाजीतच घाला.

रच्याकने, भारतात पेस्टमध्ये १००० पीपीएमची मर्यादा आहे आणि ट्यूबवर लिहावं लागतं. केळापुरातल्या भाचरांना मात्र गिळायच्या वयात पेस्ट जपून द्या. त्यांचा कोटा पंपावरच भरतो.

पळसफूल | २९ जुलै, रात्री ११:४८

सगळ्यांना उशिरा उत्तर देते आहे, क्षमस्व.

डॉक्टरीणबाईंशी बोलले. व्हार्निशला त्या लगेच हो म्हणाल्या आणि दंतवैद्याकडे पाठवलं. आईला बरोबर नेलं, घरी एकटी काय करेल म्हणून. लेकीचं काम दोन मिनिटांत झालं, रडायलाही तिला वेळ मिळाला नाही. मग ती दंतवैद्य, तिशीतली मुलगी, आईकडे बघून हसली, आई सवयीने पदर शोधू लागली. त्या दिवशी सलवार-कमीज होतं, पदर नव्हताच. ओढणी गाडीत. तेवढ्या क्षणात त्या मुलीला दात दिसले. तिने मला हळूच विचारलं, त्यांची हरकत नसेल तर बघू का, मी हे फक्त पुस्तकात पाहिलंय. मी आईला विचारलं. मला वाटलं नाही म्हणेल. आई सरळ जाऊन खुर्चीवर बसली आणि आ केला.

काका, त्या मुलीने कोलोरॅडोचं नाव घेतलं! तिथल्या पोरांचेही असेच होते म्हणाली. मी आईला तुमची गोष्ट पूर्ण सांगितली, भांड्यांच्या कंपनीपर्यंत. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, गोऱ्यायचे पण? आणि घरी येताना गाडीत, "मामाच्या विहिरीवर जाळी टाकून गाळ काढला तं पुरीन का रे गावाले?" मला रे म्हणते ती विचारात असली की.

गावाकडच्या भावाने आमच्या पंपाचं पाणी तपासून आणलं. ३.२. विहिरीचंही तपासायचं आहे. तो बाटली घेऊन उद्या निघतोय. टीसीएल भाऊ, नमुना नेताना काय काळजी घ्यायची?

टीसीएल_पावडर | ३० जुलै, सकाळी ६:२०

बाटली प्लास्टिकची न्या, काचेची नको. फ्लोराइड काचेले धरते, आकडा चुकतो. आधी त्याच विहिरीच्या पाण्याने दोनदा खंगाळा. काठाचं पाणी घेऊ नका, दोर सोडून मधातलं घ्या. बाटलीवर गाव, तारीख, वेळ लिहून चिकटवा. आता पावसाचे दिवस आहेत, विहिरीत आकडा कमीच दाखवीन, तर त्यावर जाऊ नका. मे महिन्यात परत एकदा. अन् गाळ काढला तर जंतूची तपासणी वेगळी करा, तिले टीसीएल लागीन. किती टाकायचं ते मी सांगतो. विहिरीचा घेर आणि पाण्याची खोली कळवा.

पळसफूल | ३० जुलै, सकाळी ७:०५

घेर आईला पाठ आहे. बारा हात. खोली भाऊ दोर टाकून सांगतो.